रिकाम्या घरातली सुपारी

घर सजवायला म्हणून माझी लेक शिमगा झाल्यावर गावी आली आणि आल्या दिवशीच तिनं घर रिकामं करायला घेतलं. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी कबूल करतो. बायको म्हणायची, देवळातला प्रसाद हातावर पडला तरी तुम्ही तो आधी हुंगून बघाल. पण त्याला कारण आहे. मी सगळी नोकरी तालुक्याच्या अशा कचेरीत काढली, जिथं घरांची नि वाड्यांची खरेदीखतं नोंदवली जातात. टेबलापलीकडे बसून सह्या करणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. घर विकायचं ठरलं की आधी ते रिकामं होतं, मग त्याला पांढरा रंग लागतो आणि मग मुलगा नाहीतर मुलगी फार गोड बोलायला लागते. आपलं घर चाललंय हे म्हाताऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं. तो टेबलाशी येऊन विचारायचा, "सही कुठं करू?" मुलगा कागदावर बोट ठेवायचा. आम्ही कारकून मंडळी तेवढ्यापुरतं खाली बघायचो.

अशा माणसाच्या घरात लेक येऊन म्हणाली, "बाबा, आपण घर जपान्डी करूया."

"म्हणजे काय करायचं?"

"जपान आणि ते वरचे थंड देश, स्वीडन, नॉर्वे वगैरे. दोन्हीकडच्या घरांत सामान कमी, लाकूड साधं, भिंती मोकळ्या. त्या दोन्ही पद्धती एकत्र करायच्या. सध्या सगळे तसंच करून घेतात."

मी म्हटलं, जपानात भूकंप होतात, म्हणून ते डोक्यावर पडेल असं काही ठेवत नसतील. नॉर्वेत सहा महिने ऊन नाही, म्हणून ते भिंती पांढऱ्या करत असतील. इथं श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर ऊन नको म्हणून आम्ही ओटीला पडदे बांधतो, आणि पांढऱ्या भिंतीला आषाढात बुरशी धरते. त्या दोघांचं लग्न लावायला तुला माझंच घर सापडलं का?

ती हसली. "बुरशी आली तर पुसू," एवढंच म्हणाली. हे मला अजिबात आवडलं नाही. ही मुलगी बोलायला लागल्यापासून माझ्याशी वाद घालत आली आहे. ती वाद घालत नाही म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय.

घर काही पिढीजात नव्हे. मी आणि बायकोनं नोकरीत असताना बांधलेलं, समोर ओटी, मधे मोठी खोली, मागे स्वयंपाकघर, त्यामागे विहीर आणि मग पोफळींची, म्हणजे सुपारीच्या झाडांची, वाडी. बायको जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून मी एकटाच राहतो. मुलगा पनवेलला असतो, तो दर फोनला म्हणतो, "बाबा, आता इकडे या." मी दर फोनला म्हणतो, "बघू." लेक ठाण्याला असते. लोकांची घरं आतून सजवून देणं हाच तिचा धंदा आहे. तिनं महिनाभर रजा टाकली होती. एका म्हाताऱ्याच्या ओटीवर जपान आणायला महिनाभर रजा कोण टाकतं, हे तुम्हीच सांगा.

पहिल्या आठवड्यात शोकेस गेलं. त्यातल्या कापडी बाहुल्या आणि कधी न वापरलेला कपबशांचा संच खोक्यात गेला. कोपऱ्यातली तिवई गेली, पायपुसणी गेली, टीव्हीमागच्या वायरी भिंतीत गेल्या. मधल्या खोलीतला टीपॉय गेला तेव्हा मात्र मी भांडलो. तो टीपॉय बायकोनं पसंत केलेला होता. त्याच्या कोपऱ्यानं महिन्यातून दोनदा तरी माझी नडगी सोलायची, पण घरातल्या वस्तूंचं असं चालायचंच.

"आईचाच आहे म्हणून टाकत नाहीये," लेक म्हणाली. "माळ्यावर ठेवते. मधे नको."

मग तिनं मोजमाप सुरू केलं. टेप लावून भिंती मोजल्या त्याचं काही नाही, तो तिचा धंदा. पण ती माझ्या खाटेपासून न्हाणीघराच्या दारापर्यंत चालत गेली आणि पावलं मोजली. अकरा. मागच्या दारापासून विहिरीपर्यंत सव्वीस. वहीत लिहून घेतलं. घर दाखवायला आणलेल्या गिऱ्हाइकाला असंच सांगतात, विहीर अगदी दाराशी आहे म्हणून.

मी नजर ठेवायला लागलो. तिच्या लॅपटॉपवर त्या जपान्डी घरांचे फोटो होते. ती वाडीत गेली की मी लॅपटॉप उघडायचो, तोंड अगदी जवळ न्यायचो, मान जरा तिरकी करून बघायचो. चष्म्याचा नंबर बदलायला झाला होता. त्या फोटोंतल्या प्रत्येक घरात मधोमध एक बुटकं टेबल होतं. जमिनीवर सतरंजीसारखं काहीतरी होतं. कोपऱ्यात उंच दिवा होता. आणि आमच्या घरात? बुटकं टेबल नाही, सतरंजी नाही, उभा दिवा नाही. त्याऐवजी फोटोंत कुठंच नसलेल्या गोष्टी होत्या. खाटेपासून न्हाणीपर्यंत भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर लाकडाचा गोल दांडा. प्रत्येक पायरीच्या कडेला काळी पट्टी. पांढऱ्या भिंतीवर काळी बटणं. स्टीलचे पेले जाऊन आतून पांढरेशुभ्र कप.

मी तिला पकडलं. म्हटलं, "तुझ्या फोटोत तर बुटकं टेबल आहे. आपल्याकडे का नाही?"

तिनं टेप गुंडाळायला घेतला. "सगळंच नाही घ्यायचं, बाबा. आपल्याला लागेल तेवढंच."

"आपल्याला, की येणाऱ्याला?"

"कोण येणारे?"

मी ओटीवर निघून आलो. शहाण्याला जास्त सांगायची गरज नसते. मुंबईची माणसं येऊन राहतात तसल्या घरांना असेच दांडे आणि पट्ट्या असतात, कुणी पडलं-झडलं तर नसती भानगड नको म्हणून. एकतर घर विकायचं होतं, नाहीतर पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं होतं. दोन्हीत मी नव्हतो.

दुसऱ्या आठवड्यात सुतार आला, आमच्याच गावातला. लेकीनं बाहेरून लाकूड न आणता आमच्याच वाडीतल्या दोन पडलेल्या पोफळी चिरून घेतल्या. आमच्याकडे त्या चिरफळ्या मांडवाला वापरतात. तिनं त्या तासून, तेल पाजून, मधल्या खोलीच्या भिंतीला उभ्या लावायला सांगितल्या. पांढऱ्या भिंतीवर काळपट उभ्या पट्ट्या, खोलीच्या या टोकापासून न्हाणीच्या दारापर्यंत. कल्पना वाईट नव्हती, हे मी मनात मान्य केलं. पण काम झाल्यावर बघतो तर पट्ट्या वाकड्या. मधोमध चक्क पोट सुटलेलं.

मी सुताराला चांगलाच फैलावर घेतला. "अरे, वाडीतल्या कुंपणाची काठी याच्यापेक्षा सरळ असते."

तो गोंधळला. त्यानं ओळंबा काढून पट्टीला लावला. "आबा, बघा ना. रेघ मारल्यासारखी सरळ हाय."

"मला शिकवू नकोस. मला दिसत नाही का?"

मागच्या अंगणात आमच्याकडे सुपारी सोलायला येणारी बाई बसली होती. वीस वर्षं येते, बायकोची मैत्रीणच म्हणा. मी तिला आत बोलावलं. "तू सांग, पट्ट्या सरळ आहेत की वाकड्या?"

तिनं आधी पट्ट्यांकडे पाहिलं नाही. आधी लेकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सरलच हायत, आबा."

सुतार हत्यारं गोळा करायला लागला आणि लेक स्वयंपाकघरात निघून गेली. मला कळून चुकलं की हे तिघंही सामील आहेत. माझ्या घरात, माझ्या पोफळींची लाकडं भिंतीला लावून, माझ्याच तोंडावर मला खोटं पाडतात. मला इतका राग आला की त्या दिवशी मी दुपारी जेवलो नाही.

संध्याकाळी विहिरीपाशी लेक भावाशी फोनवर बोलत होती. मी केळींच्या आड उभा होतो. चोरून ऐकणं वाईट, पण लुटलं जाणं त्याहून वाईट. ती म्हणत होती, "एक वर्ष दे मला, दादा. घर तयार होऊ दे. मग तू म्हणशील तसं करू. पण बाबांना इतक्यात काही बोलू नकोस."

झालं. आता शंकेला जागाच राहिली नाही. दोघांनी मिळून ठरवलं होतं आणि मुदतसुद्धा पडली होती.

मला वाईट किती वाटलं ते सांगता येत नाही. मुलाकडून मी हे धरून चाललो होतो. लेकीकडून नाही. तिची आई गेली तेव्हा हीच माझ्यापाशी दोन महिने राहिली होती, आणि जाताना म्हणाली होती, "बाबा, तुम्हाला इथून कोणी हलवणार नाही." ते मी अगदी लाकडावर कोरल्यासारखं लक्षात ठेवलं होतं.

घराचे कागद, म्हणजे सातबारा, घरपट्टीच्या पावत्या आणि मूळ खरेदीखत, माझ्या कपाटातल्या खणात एका जाड फाइलीत असतात. कागदांशिवाय घर विकता येत नाही. ती फाइल उघडते का, ते बघायचं मी ठरवलं. कचेरीतला माझा एक साहेब फाइलीवर दोरा ठेवून जायचा. पण दोरा असा नाजूक, माझा मलाच सापडला नसता. म्हणून मी सोललेल्या ढिगातून एक सुपारी निवडली. वाडीवाल्याला आपली सुपारी ओळखायला वेळ लागत नाही. सोलून झाल्यावर निवडायचं काम आमच्याकडे नेहमी मीच करतो. मोठी, गुळगुळीत, भोक नसलेली सुपारी एका बाजूला, फुटकी एका बाजूला, किडकी तिसरीकडे. मी पहिल्या प्रतीची, डागसुद्धा नसलेली सुपारी घेतली आणि फाइलीच्या बरोबर मधोमध ठेवून खण लावला. फाइल उघडायची तर सुपारी उचलावी लागणार, आणि घरंगळली तर ती खणाच्या मागच्या फटीत जाणार. मग फाइल उघडणारा दुसरी आणून ठेवणार. ती दुसरी आहे हे मी ओळखणार.

तीन दिवसांनी खण उघडला. सुपारी जागेवर होती. मी ती उचलली, बोटांत फिरवली आणि माझं नख एका बारीक भोकात अडकलं.

मी तसाच मागच्या अंगणात गेलो आणि सोलणाऱ्या बाईच्या हातात ती सुपारी दिली. "नीट बघून सांग, कशी आहे?"

"किडकी हाय ही, आबा. हे बघा, भोक हाय. कुठली आणलीत?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. इतके दिवस मनात होतं ते हातात आलं. मी चांगली ठेवली होती, आता किडकी होती. म्हणजे फाइल उघडली गेली होती. लेक ठाण्याची झाली होती. सुपारी-सुपारीतला फरकही विसरली होती, म्हणून हाताला लागली ती उचलून ठेवली.

लेक मधल्या खोलीत खिडकीपाशी बसून काहीतरी घासत होती. सुतार जेवायला गेला होता. तिच्यासमोर सुतारानं केलेलं नवं उंच टेबल होतं, त्यावर मी सुपारी ठेवली.

"ही ओळखतेस?"

तिनं सुपारीकडे बघितलं आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"कागद पाहिजे होते तर मागायचे होतेस," मी म्हणालो. "माझ्या मागे खण उघडायची काय गरज होती? मी पहिल्या नंबरची सुपारी ठेवली होती. तू किडकी आणून ठेवलीस. तुझ्या आईनं एवढीही सुपारी ओळखायला शिकवली नाही का तुला? घर विकायचंय ना? मग सरळ तोंडावर सांग. तुझ्या त्या जपानच्या भिंतींमागे लपू नकोस."

मी बराच वेळ बोलत होतो. कचेरीतल्या त्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या वतीनं बोलत होतो असं मला वाटत होतं. माझं संपल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ती तीच सुपारी आहे."

"काय?"

"सोमवारी तुमचे इस्त्रीचे कपडे ठेवायला खण उघडला, तेव्हा फाइलीवर दिसली. मी हात लावला नाही. भोक तेव्हाही होतं. मला वाटलं, बाबा किडकी सुपारी कशाला अशी जपून ठेवतील." तिनं भोकावर बोट ठेवलं. "मग लक्षात आलं, तुम्ही ती चांगली म्हणून ठेवलीय."

मागच्या दारात सोलणारी बाई येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पदराला हात पुसत ती म्हणाली, "आबा, रागावू नका. दोन वर्सं झाली, तुम्ही निवडून गेलात का मी परत निवडते. चांगल्यात किडकी पडलेली असतात. मीच फोन केला हिला. तुम्ही सांगणार न्हाय, मग कोणी सांगायचं?"

मी खुर्चीत बसलो. खुर्ची कुठं आहे हे बघावं लागलं नाही, ती भिंतीच्या कडेला, जिथं असायला हवी तिथंच होती.

एक गोष्ट मी इथपर्यंत लिहिली नाही. वाचणाऱ्यापासूनही लपवली, ती सवयच लागली आहे. दीड-दोन वर्षांपूर्वी मी एकटाच डोळे तपासायला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, चष्म्यानं होणार नाही, डोळ्याच्या आतला पडदा झिजतोय. कडेचं दिसत राहील, मधलं जात जाईल. त्यांनी चौकटी आखलेला एक कागद समोर धरला आणि विचारलं, रेघा सरळ दिसतात का? मी म्हणालो, दिसतात. खोटं बोललो. घरी आलो तो कुणालाही काही सांगितलं नाही, कारण सांगितलं की पनवेल. तिथल्या सातव्या मजल्यावर मी काय करणार?

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. "मग मला सांगायचं होतंस ना!" मी ओरडलो. "चोरासारखं इतके दिवस पावलं मोजत होतीस!"

"तुम्ही सांगितलंत?" तीही ओरडली. आल्यापासून पहिल्यांदा. "सांगितलं असतं तर घराला हात लावू दिला असतात? दांडा लाव म्हटलं असतंत? तुम्हाला म्हाताऱ्याचं घर चाललं नसतं. जपानी चाललं. निदान त्याला नावं तरी ठेवता आली."



"दादा तुम्हाला या मेमध्येच न्यायला येणार होता," ती म्हणाली. आता तिचे डोळे भरले होते, ते मला दिसलं नाही, आवाजावरून कळलं. "मी त्याच्याकडे एक वर्ष मागून घेतलं. म्हटलं, घर असं करते की बाबा डोळे मिटून फिरतील. पायात यायला काही ठेवणार नाही. कडा सगळ्या काळ्या करते, चहा पांढऱ्या कपात ओतला की दिसेल. वर्षभर नीट राहिले तर तू त्यांना हलवायचं नाव काढायचं नाहीस. नाही जमलं तर मग तू म्हणशील तसं. तो हो म्हणालाय."

टीपॉयची जागा मोकळी होती. ज्या वस्तू तिनं घरातून काढल्या होत्या, त्या एकेक आठवत गेल्या, आणि प्रत्येकीला मी कधी ना कधी धडकलो होतो. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं माझ्या नडग्या पाहिल्या असणार.

सोलणारी बाई मागे जाऊन परत कामाला लागली. तिच्या हातातल्या सुरीचा आवाज यायला लागला. लेकीनं ती सुपारी उचलली नाही, मीही उचलली नाही.

मी उठून त्या पट्ट्यांसमोर उभा राहिलो. मला त्या तशाच दिसत होत्या, मधोमध फुगलेल्या.

"बाय," मी म्हणालो. ती लहान असताना मी तिला अशी हाक मारायचो. "या पट्ट्या सरळ आहेत?"

"सरळ आहेत, बाबा."

पट्टीवरून हात फिरवला असता तर मला कळलं असतं. मी फिरवला नाही.